स्वतःहून नाव दिलं, ते विसरू नका

मैत्रिणींनो,

या सदराकडे येणारी पत्रं मी विषयवार लावून ठेवते. सासू-सुनेचा गठ्ठा सगळ्यांत जाड. त्याखालोखाल मुलांचा अभ्यास, मग नवऱ्याचं व्यसन, मग घरखर्चाची ओढाताण. या खेपेचं एक पत्र मात्र कुठल्याच गठ्ठ्यात बसेना. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका भगिनीचं आहे. नावगाव अर्थातच देत नाही. पत्र जरा आटोपतं करून छापते:

“ताई, माझा धाकटा दीर सात वर्षांनी तुरुंगातून सुटून येतोय. शेताच्या बांधावरून भांडण झालं, हाणामारीत समोरचा माणूस दगावला. दीर तेव्हा चोवीस वर्षांचा होता. आता त्याचं पत्र आलंय. लिहितो, ‘मी इथं सुतारकाम शिकलो, दहावीचा फॉर्म भरला आणि पास झालो. वहिनी, मी घरी येऊ का?’ सासूबाई म्हणतात, माझं लेकरू आहे, ते घरीच येणार. आमचे हे काहीच बोलत नाहीत. माझी थोरली मुलगी लग्नाची आहे, दोन ठिकाणी बोलणी चालू आहेत. नको म्हटलं तर वाईट मी, आणि हो म्हटलं तर मुलीचं कसं व्हायचं? शिवाय खरं सांगू का, मला त्याची भीती वाटते. आत शिकतात-बिकतात ते सगळं सुटका लवकर व्हावी म्हणून, असं शेजारचे म्हणतात. ताई, मी काय करू?”

वहिनी (तुम्ही या नात्यानंच प्रश्न विचारलात, म्हणून मीही तुम्हांला वहिनीच म्हणते), पहिली गोष्ट ही की, भीती वाटते हे तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत, ते बरं केलंत. त्यात लाजण्यासारखं काही नाही. सात वर्षांत माणूस किती बदलला असेल, हे घरातल्या कुणालाच ठाऊक नसतं. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, आणि तुमच्या घराचं तर चांगलंच पोळलंय. पण या पत्रातल्या एका गोष्टीकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

सक्तीचं काम आणि मनाचं काम

तुमच्या दिराला सक्तमजुरीची शिक्षा झाली असणार. अशा कैद्याला तुरुंगात काम करावंच लागतं. साध्या कैदेतल्या माणसावर कामाची सक्ती नसते. खटला संपायचा आहे अशा कच्च्या कैद्यांवरही नसते. त्यांनी स्वतः इच्छा दाखवली तरच त्यांना काम मिळतं. आपल्या देशात अशा कच्च्या कैद्यांचीच संख्या जास्त. २०२२ च्या अखेरीस देशातल्या कारागृहांत ५ लाख ७३ हजार माणसं होती आणि त्यांतले चारांतले तीन कच्चे कैदी होते. पुष्कळांचे दिवस बराकीत नुसते बसून जातात.

आता सक्तमजुरीच्या कैद्याकडे पाहा. काम करणं त्याला भाग आहे, हे खरं. पण दहावीचा फॉर्म भरणं त्याला भाग नाही. संध्याकाळी पुस्तक उघडणं भाग नाही. आठवडाभराचं एखादं शिबिर असतं, रागावर ताबा कसा ठेवावा, दारूपासून दूर कसं राहावं, पैशांचा हिशेब कसा ठेवावा असल्या विषयांचं. त्यातही नाव द्यायचं की नाही, हे ज्याच्या त्याच्या मनावर असतं. कितीतरी जण देत नाहीत. बाकीचे चिडवतात, “आला मोठा मास्तर!” म्हणून हसतात. अशा जागी ज्यानं आपण होऊन नाव दिलं आणि परीक्षेपर्यंत ते टिकवलं, त्यानं सात वर्षांत निदान एक गोष्ट कुणाच्या धाकाशिवाय पुरी केली आहे. वहिनी, ही गोष्ट विसरू नका. तिच्यापेक्षा जास्त मोठी करू नका, पण लहानही करू नका.

शेजारी म्हणतात, सुटका लवकर व्हावी म्हणून शिकतात. असेलही! चांगली वर्तणूक, काम आणि अभ्यास यांबद्दल शिक्षेत सूट मिळते, आणि ती कुणाला नको असते? पण आपल्या मुलांना पाढे पाठ करायला लावताना आपण कधी खाऊचं आमिष दाखवलं नाही का? खाऊसाठी पाठ केलेले पाढे पुढं बाजारात हिशेबाला उपयोगी पडतातच. रंधा मारायला शिकलेला हात कशासाठी शिकला, हे लाकूड विचारत नाही.

आत काय काय शिकवतात?

आपल्यापैकी पुष्कळजणींना तुरुंग म्हणजे गजांमागची अंधारी खोली एवढंच माहीत. प्रत्यक्षात मोठ्या कारागृहांत कारखाने चालतात. आपल्या येरवड्यालाच सुतारकाम, विणकाम, शिवणकाम, बेकरी असे विभाग आहेत. नाशिकरोडच्या कारागृहात शाडूच्या गणेशमूर्ती होतात, पैठणीही विणली जाते. कोल्हापूरच्या कळंबा कारागृहातल्या कैद्यांच्या हातचे लाडू अंबाबाईच्या देवळात प्रसाद म्हणून वाटले गेले आहेत. आपल्यातल्या कितीजणींनी तो प्रसाद कपाळाला लावून खाल्ला असेल, आणि लाडू वळणारा हात कुणाचा हे मनातही आलं नसेल. दिवाळीत येरवड्याला आतल्या वस्तूंची विक्री भरते, तिथली लाकडी खुर्ची किंवा सतरंजी घेताना टिकाऊ म्हणून आपण पसंत करतो. वस्तू चालते. वस्तू करणाऱ्याचं काय, एवढाच तर तुमच्या पत्रातला प्रश्न आहे.

महाराष्ट्राबाहेरही हे चाललेलं आहे. केरळातल्या कारागृहांत लाटलेल्या चपात्या ‘फ्रीडम’ या नावानं स्वस्तात विकल्या जातात आणि लोक रांग लावून घेतात. तेलंगणातल्या कारागृह खात्यानं पेट्रोल पंप काढले आणि तिथं कैद्यांबरोबर सुटून आलेल्यांनाही कामाला ठेवलं. दिल्लीच्या तिहारमध्ये २०११ साली कंपन्यांची माणसं आत येऊन, सुटण्याच्या बेतात असलेल्या कैद्यांच्या नोकरीसाठी मुलाखती घेऊन गेली.

या कामाची मजुरी मिळते, पण फार नाही. महाराष्ट्रात २०२३ साली ती वाढवली, तेव्हा कुशल कामाला दिवसाला ७४ रुपये आणि अकुशल कामाला ५३ रुपये अशी ठरली. सर्वोच्च न्यायालयानं १९९८ साली सांगितलं होतं की, कैद्याच्या श्रमाला न्याय्य मोबदला मिळाला पाहिजे आणि त्यातला काही भाग ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यासाठी बाजूला काढला पाहिजे. मोठी गोष्ट आहे ही, तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आणखी एक सांगते. १ मे २०२२ पासून महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेनं येरवड्याच्या कैद्यांसाठी ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू केली. ५० हजार रुपयांपर्यंत, ७ टक्के व्याजानं. कैद्यानं घरच्यांसाठी कर्ज घ्यायचं आणि आतल्या मजुरीतून फेडायचं. मुलीची फी, आईचं औषध हे बापाच्या किंवा मुलाच्या कष्टातून झालं म्हणजे तो घरातून पुसला जात नाही, असा तिचा अर्थ मला वाटतो.

शिकलं म्हणून माणूस सुधारतो का?

हा प्रश्न सगळ्याच विचारतात, आणि विचारावाच. अमेरिकेत रँड कॉर्पोरेशन या संस्थेनं २०१३ साली तिथले अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. तुरुंगातल्या शिक्षणात भाग घेतलेल्यांची पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता, न घेतलेल्यांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी, असा हिशेब निघाला. पण यात एक मेख आहे. जे स्वतःहून नाव देतात ते मुळातच सुधारायच्या तयारीचे असतील, मग श्रेय शिक्षणाचं की तयारीचं? अभ्यासक त्यावर वाद घालोत. तुम्हा-आम्हांला घर चालवायचं आहे, आणि आपल्या कामापुरतं एवढं पुरे की नाव देणारा माणूस तयारीचा असण्याचा संभव जास्त.

आता नाण्याची दुसरी बाजूही ऐका. त्याच अमेरिकेत देवा पेजर नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी एक प्रयोग केला, त्याचा निबंध २००३ साली आला. मिलवॉकी शहरात सारख्याच शिक्षणाचे, सारख्याच बोलण्याचालण्याचे तरुण नोकरी मागायला पाठवले. फरक एवढाच की, काहींनी आपण तुरुंगात होतो असं सांगायचं, काहींनी नाही. गोऱ्या तरुणांत तुरुंगाचा उल्लेख न करणाऱ्यांना शंभरांतल्या ३४ ठिकाणांहून बोलावणं आलं, उल्लेख करणाऱ्यांना १७ ठिकाणांहून. सरळ निम्मं! काळ्या तरुणांचं तर १४ वरून ५ वर आलं. हात तेच, हुशारी तीच, दार मात्र बंद.

मैत्रिणींनो, विरजण कितीही चांगलं असलं तरी दूध कोमट लागतं. थंडगार दुधात ते रात्रभर ठेवलं तरी दही लागत नाही. आत शिकलेलं सगळं विरजणासारखं आहे. ते लागायचं की नाही, हे बरंचसं बाहेरच्या उबेवर ठरतं. म्हणून तुमच्यासारख्या वहिनीचं ‘हो’ किंवा ‘नाही’ एका घरापुरतं दिसलं तरी त्याला मोल आहे.

भिंतीशिवायचा तुरुंग

हे नुसतं बोलणं नाही, आपल्याच मुलखात करून पाहिलेलं आहे. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. तेव्हा आटपाडी औंध संस्थानात होती. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांनी १९३९ साली तिथं कैद्यांची खुली वसाहत काढली. भिंत नाही, बेड्या नाहीत. शेती करायची आणि बायकामुलांसह राहायचं. यावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. तो आपण सगळ्यांनीच पाहिलाय. पण ती जागा खरी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

तिथली मेख तुम्ही नीट पाहा. पळून जायला काहीच आडकाठी नाही, तरी माणूस राहतो. का? बायको चूल पेटवते, पोर शाळेत जातं, पेरलेलं उगवायचं असतं. कुलपानं धरलं नाही ते जबाबदारीनं धरून ठेवलं. वहिनी, तुमच्या दिराला घरात आणाल तेव्हा हेच सूत्र ठेवा: पाहुणा म्हणून नको, आश्रित म्हणूनही नको. पहिल्या दिवसापासून त्याच्या नावावर एखादं काम असू द्या.

येण्याआधी काय करावं

आता रोजच्या व्यवहारातलं सांगते. एकेक मुद्दा लिहून घ्या.

एक. त्याच्या पत्राला उत्तर लगेच पाठवा. ‘ये’ किंवा ‘येऊ नको’ असं एका शब्दात नको. “आम्ही विचार करतोय, तुझी दहावी झाल्याचं वाचून बरं वाटलं,” एवढं लिहिलंत तरी पुरे. त्यानं विचारलंय, हुकूम सोडलेला नाही. विचारणाऱ्याला उत्तर मिळालं पाहिजे.

दोन. नवऱ्याला घेऊन एकदा मुलाकतीला जाऊन या. लांब पडत असेल तर आता मोबाइलवरून चेहरा पाहून बोलण्याची सोय, ई-मुलाकत, पुष्कळ ठिकाणी आहे. सात वर्षांपूर्वीचा चेहरा डोळ्यांपुढे ठेवून निर्णय घेऊ नका. “हे काही बोलत नाहीत,” असं तुम्ही लिहिलंत. पुरुष माणसं पुष्कळदा लाजेपोटी गप्प बसतात. सख्ख्या भावाला समोर पाहिलं की कदाचित बोलतील.

तीन. शिक्षा संपण्याआधी नियमात बसत असेल तर संचित रजा किंवा अभिवचन रजा, म्हणजे आपण ज्याला फर्लो आणि पॅरोल म्हणतो ती मिळू शकते. अशा रजेवर थोडे दिवस घरी येऊन गेला तर तुम्हांलाही अंदाज येईल, त्यालाही. लग्नाआधी सून जशी चार दिवस राहून जात नाही, तशी इथं अडचण नाही. ही सोय आहे, तिचा उपयोग करा.

चार. कागदपत्रं. सुतारकामाचं प्रमाणपत्र, दहावीची गुणपत्रिका, सुटकेचा कागद, साठलेल्या मजुरीचा हिशेब हे सगळं निघतानाच घेऊन ये, असं त्याला कळवा. मागून हेलपाटे घालणं जिवावर येतं. तुमच्याकडे त्याचं आधार कार्ड असेल तर ते चालू आहे का पाहा. शिधापत्रिकेवरचं नाव कमी झालंय का, बँकेचं खातं बंद पडलंय का, हेही आत्ताच बघून ठेवा.

पाच. कायद्याची काही अडचण असेल तर वकिलाच्या फीची चिंता करू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात कोठडीतल्या माणसाला आणि कुठल्याही स्त्रीला मोफत सल्ला मिळतो. १५१०० हा त्यांचा दूरध्वनी आहे. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात परिवीक्षा अधिकारी असतात. सुटून आलेल्याला स्वतःच्या धंद्यासाठी काही सरकारी मदत मिळू शकते का, याची चौकशी तिथं करा.

आल्यानंतरचे दिवस

पहिले काही दिवस तो फार झोपेल, किंवा अजिबात झोपणार नाही. दार उघडायला थांबून राहील, कारण सात वर्षं दुसऱ्यानं उघडल्याशिवाय त्याच्यासमोरचं दार उघडलेलं नाही. ताट पुढं आलं की भराभर जेवेल. यावर हसू नका, आणि मुलांनाही हसू देऊ नका.

सात वर्षांत बाहेर किती बदललंय, ते आपल्या लक्षात येत नाही. भाजीवालीसुद्धा आता मोबाइलवर पैसे घेते. एस.टी.चं तिकीट, विजेचं बिल, डॉक्टरांची वेळ सगळं मोबाइलवर. हे त्याला तुमच्या लग्नाच्या मुलीनं नको, तर धाकट्या मुलानं शिकवावं. लहानाकडून शिकताना मोठ्या माणसाला कमीपणा वाटत नाही, आणि पोराची भीतीही मोडते. मात्र बँकेचा गुप्त क्रमांक कुणाला सांगायचा नाही, फसवणुकीचे फोन कसे ओळखायचे, हे तुम्ही स्वतः समजावून सांगा.

कामाचं म्हणाल तर लगेच स्वतःचं दुकान नको. गावातल्या एखाद्या वयस्क सुतारमिस्त्रीकडे चार-सहा महिने रोजंदारीवर राहू दे. आतल्या कारखान्यात एकाच मापाच्या खुर्च्या होतात. बाहेर गिऱ्हाईक म्हणतं, कपाटाचं दार वाकडं झालंय, आजच्या आज करून द्या. ती नड ओळखायला बाहेरच शिकावं लागतं. मिस्त्रीला त्याचा भूतकाळ आधीच सांगा. दुसऱ्याकडून कळलं तर शिकलेली कलाही संशयात जाते.

मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून अशा माणसांसाठी काम करतो. सुटलेल्या माणसाला काही महिने एखाद्या सामाजिक संस्थेत उमेदवार म्हणून ठेवायचं, थोडं विद्यावेतन द्यायचं, वेळेवर येण्याजाण्याची आणि चारचौघांत वागण्याची सवय लागली की मग नोकरीला पाठवायचं, अशी त्यांची एक पद्धत आहे. घरी आपणही तेच करू शकतो. विश्वास एकदम सगळा देऊ नये, आणि एकदम सगळा नाकारूही नये. आधी किराणा आणायला पाठवा, मग विजेचं बिल भरायला, मग बँकेत. नव्या सुनेच्या हाती किल्ल्या देताना सासू करते तसंच.

आणि घरात दोन नियम पहिल्याच दिवशी मोकळेपणानं सांगून टाका: दारू चालणार नाही, आणि बांधाच्या भांडणाचा विषय वाढवायचा नाही. ज्यानं रागावर ताबा ठेवायचं शिक्षण घेतलं असेल, त्याला याचा राग येणार नाही.

मुलीच्या लग्नाचं काय?

हा प्रश्न तुम्हांला सगळ्यांत जास्त जाळतोय. माझं उत्तर कदाचित आवडणार नाही: दोन्हीकडच्या मंडळींना आधी सांगा. बोलणी पुढं जाण्याआधी, थोरल्या माणसांपाशी, साध्या शब्दांत. “आमच्या घरात असं झालं होतं, शिक्षा भोगून झाली, आत राहून दहावी केली आणि हातात कसब घेऊन आला.” एक स्थळ जाईलही. गावात ही गोष्ट सात वर्षं सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा लपवून ती लपणार नाही. लग्नानंतर कळली तर ते टोमणे तुमच्या मुलीला आयुष्यभर ऐकावे लागतील. आधी कळूनही जे होकार देतील, ते घर मुलीला सांभाळील.

मुलीलाही विचारा. ती मोठी आहे. काका तिच्याच अंगाखांद्यावरून गेलेला असेल, त्याच्याबद्दल तिला काय वाटतं हे आपण गृहीत धरतो आणि तिलाच विचारायचं विसरतो.

दुसऱ्या घराला विसरू नका

वहिनी, एक घर तुमच्या पत्रात नाही. जो माणूस गेला, त्याचं. त्या घरातही एक वहिनी असेल, एक आई असेल, आणि त्यांचं माणूस कुठल्याच वर्षी सुटून परत यायचं नाही. दीर घरी आल्यावर हार-तुरे, फटाके, गावजेवण असलं काही करू नका. देवाला नारळ फोडायचा तो घरात फोडा. त्यांच्या गल्लीतून त्यानं काही महिने जाऊ नये, बाजारात समोरासमोर आले तर वाट द्यावी. कैद्याच्या मजुरीतून नुकसान झालेल्यांसाठी वाटा काढावा, असं न्यायालयानं म्हटलं त्याचं मर्म हेच. शिक्षा संपली तरी देणं संपत नसतं. कधी काळी तो स्वतः माफी मागायला जायचं म्हणाला तर आधी गावातल्या एखाद्या समंजस वडीलधाऱ्या माणसाकरवी त्यांची इच्छा आहे का ते विचारा. नको म्हणाले तर नको.

कधी ‘नाही’ म्हणावं

ही गोष्ट सगळ्याच वाचक भगिनींसाठी सांगते, कारण माझं बोलणं कुणी चुकीच्या घरात नेऊ नये. ज्याचा गुन्हा घरातल्याच बाईवर किंवा लेकरावर झालेला असेल, त्याला ‘शिकून आलाय’ म्हणून घरात घेण्याचं बंधन तुमच्यावर नाही. त्याची प्रमाणपत्रं कितीही असोत. त्याला दुसरीकडे खोली बघून देता येईल, काम मिळवून देता येईल, पण त्या बाईच्या, त्या पोराच्या झोपेवर त्याचं पुनर्वसन करायचं नाही. कुणी आग्रह केला, मग त्या सासूबाई असोत की गावचे प्रतिष्ठित, ठाम राहा.

आणि बाकीच्या आपण?

ज्यांच्या घरी असं कुणी नाही, त्यांनी हे पान उलटू नये. देशातल्या कारागृहांत २०२२ अखेर २३ हजारांहून जास्त स्त्रिया होत्या. पुरुष सुटतो तेव्हा दाराशी आई नाहीतर बायको उभी असते. बाई सुटते तेव्हा पुष्कळदा कुणीच नसतं. माहेरचे म्हणतात सासरी जा, सासरचे म्हणतात माहेरी जा. आत तिनं शिवण शिकलेली असते, बेकरीत हात बसलेला असतो. अशी एखादी बाई तुमच्या गावात असेल तर आधी चार ब्लाउज शिवायला टाका. काम चांगलं झालं तर पैसे पुरते द्या, घासाघीस करू नका. उपकार म्हणून जास्तही देऊ नका. वाईट झालं तर इतर शिंपिणीला सांगाल तसंच, त्याच शब्दांत तिलाही सांगा. तिला दया नको असते, गिऱ्हाईक हवं असतं.

महिला मंडळानं दिवाळीचा फराळ, राख्या, कापडी पिशव्या यांची मागणी जवळच्या कारागृहाच्या विक्रीकेंद्राकडे नोंदवून पाहावी. आत कामाला गिऱ्हाईक वाढलं की उद्या नाव देणाऱ्याचा हुरूप वाढतो.

वहिनी, तुम्हांला अजून एकदा सांगते, घाईनं काही ठरवू नका. मुलाकत करा, घरात बसून बोला, मुलीला विचारा. तेवढं झाल्यावर जो निर्णय घ्याल, तो तुमच्या घराचा असेल, शेजाऱ्यांचा नसेल. तो काय झाला, ते मला कळवा.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी अशा माणसाला घरात किंवा कामावर घेतलं असेल तर अनुभव जरूर लिहून पाठवा, चांगलाही आणि वाईटही. नाव छापणार नाही.

तुमची,
ताई